दिसला ४१२, पडला ४१७.७७: एका ऑर्डरचा पंचनामा

सकाळी ११.२० ला एका नवख्या गुंतवणूकदाराने ५०० शेअरची मार्केट ऑर्डर टाकली. स्क्रीनवर भाव होता ४१२.००. खरेदी झाली सरासरी ४१७.७७ ला. २६ मिनिटांनी स्टॉपलॉस (भाव ठरवलेल्या पातळीपर्यंत उतरला की आपोआप सुटणारी विक्रीची ऑर्डर) लागला आणि तेच ५०० शेअर सरासरी ४०३.७९ ला विकले गेले. ब्रोकरेज आणि कर बाजूला ठेवले तरी तोटा ६,९८७.५०, म्हणजे घातलेल्या रकमेच्या ३.३५ टक्के. मधल्या वेळात कंपनीची कुठलीही बातमी आली नव्हती, निर्देशांक जागचा हलला नव्हता आणि ॲपही व्यवस्थित चालू होते.

अशा वेळी तक्रार ठरलेली असते: ‘ॲपने भाव चुकीचा दाखवला.’ भाव बरोबरच होता. तो कधीचा, किती शेअरचा आणि कोणत्या बाजूचा, हे बघायचे राहून गेले. खालचे प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे. हिशेब हातानेही करता यावा म्हणून आकडे सोपे घेतले आहेत. चलन कुठलेही धरा, गणित तेच राहते.

ऑर्डर टाकताना स्क्रीनवर वरच्या भागात एवढे दिसत होते:

शेवटचा भाव (एलटीपी): ४१२.००
बदल: +१८.०० (+४.५७%)
मागील बंद: ३९४.००
आजचा खुला भाव: ४०१.००, उच्चांक: ४१५.५०, नीचांक: ३९९.२०
व्हॉल्यूम: ३८,४००
सरासरी सौदा भाव: ४०३.१६
५२ आठवड्यांचा उच्चांक: ६१८.००, नीचांक: २८७.५०
बाजारमूल्य: ८२४ कोटी
पीई (भाव भागिले ईपीएस): १४.२, ईपीएस (एका शेअरमागचा नफा): २९.००
डिव्हिडंड यील्ड (वर्षाचा लाभांश भागिले भाव): २.९१%

आणि बोटाने खाली सरकवल्यावर दिसणारी, पण या गुंतवणूकदाराने न उघडलेली मार्केट डेप्थ, म्हणजे कोण कितीला किती शेअर घ्यायला-विकायला उभे आहे त्याची यादी, अशी होती:

खरेदीदार: ४०४.१० ला १२०, ४०४.०० ला ३००, ४०३.५० ला ८५, ४०२.०० ला ५००, ४००.०० ला १,२४०
विक्रेते: ४१३.८० ला ६०, ४१४.५० ला ९०, ४१७.०० ला १५०, ४२१.०० ला २००, ४२४.५० ला ४००
शेवटचा सौदा: १० शेअर, वेळ ११:०२:४७

४१२ हा भाव कोणाचा होता?

शेवटची ओळ आधी वाचा. ४१२ ला जो सौदा झाला तो दहा शेअरचा होता आणि तो होऊन सतरा मिनिटे उलटली होती. कोणीतरी दहा शेअर ४१२ ला विकायला लावले होते, कोणीतरी ते उचलले आणि विषय संपला. ११.२० ला ४१२ ला विकायला कोणी उभे नव्हते. विकत घ्यायचे तर सर्वांत स्वस्त शेअर ४१३.८० ला होता आणि विकायचे तर सर्वांत चांगला गिऱ्हाईक ४०४.१० देत होता.

एलटीपी म्हणजे झालेल्या सौद्याची नोंद. पुढचा सौदा कितीला होईल, याबद्दल ती काहीच सांगत नाही. दर सेकंदाला शेकडो सौदे होणाऱ्या मोठ्या शेअरमध्ये या दोन गोष्टींतला फरक इतका बारीक असतो की तो विसरला तरी चालून जाते. सवय तिथे लागते आणि भुर्दंड लहान शेअरमध्ये बसतो.

इथे ‘लाइव्ह’ या शब्दानेही फसायला होते. फुकटच्या अनेक संकेतस्थळांवर भाव पंधरा-वीस मिनिटे उशिरा येतो आणि तशी बारीक अक्षरांत सूचना असते. या ॲपवर भाव खरोखरच तत्काळ येत होता. पण तत्काळ आलेली नोंद सतरा मिनिटांपूर्वीच्या सौद्याची असू शकते, कारण त्यानंतर सौदाच झालेला नसतो. हे दोन उशीर वेगळे आहेत. पहिला ॲप बदलून जातो, दुसऱ्याला सौद्याची वेळ बघण्यावाचून इलाज नाही. शिळ्या भावाचे हे दुखणे जुनेच आहे. एडवर्ड कॅलाहन यांनी १८६७ साली भाव छापणारे टिकर यंत्र आणले. १९२९ च्या ऑक्टोबरमधल्या घसरणीत सौद्यांचा असा पूर लोटला की त्याची कागदी पट्टी तासन्‌तास मागे पडली आणि लोक केव्हाच होऊन गेलेल्या भावांवर निर्णय घेत राहिले.

ऑर्डर कशी भरली गेली

मार्केट ऑर्डरचा अर्थ ‘जो भाव मिळेल त्याला द्या’ असा आहे. ‘दिसतोय त्या भावाला द्या’ असा नाही. यंत्रणा विक्रेत्यांच्या रांगेत सर्वांत स्वस्तापासून सुरुवात करते आणि मागितलेली संख्या पुरी होईपर्यंत वर चढत जाते:

६० × ४१३.८० = २४,८२८
९० × ४१४.५० = ३७,३०५
१५० × ४१७.०० = ६२,५५०
२०० × ४२१.०० = ८४,२००

एकूण ५०० शेअर, रक्कम २,०८,८८३, सरासरी ४१७.७७. अंदाज होता ५०० × ४१२ = २,०६,००० चा. जादा गेले २,८८३, म्हणजे १.४० टक्के. यालाच बाजारात स्लिपेज म्हणतात. ब्रोकरेज वाचावे म्हणून चार-चार ॲपची तुलना करणारे लोक हे १.४ टक्के बघतही नाहीत, कारण बिलावर त्याची वेगळी ओळ नसते.

आता त्याच सेकंदाला स्क्रीनवर काय झाले ते बघा. शेवटचा सौदा ४२१ ला झाला, म्हणून एलटीपी ४२१.०० झाला. बदल +४.५७ वरून +६.८५ टक्क्यांवर गेला. आजचा उच्चांक ४१५.५० होता, तो ४२१ झाला. आणि पोर्टफोलिओच्या पानावर ५०० × ४२१ = २,१०,५०० असे मूल्य व १,६१७ चा हिरवागार नफा! आपल्याच ऑर्डरने भाव वर ढकलला आणि त्याच भावाने ॲपने आपली मालमत्ता मोजली. तो नफा हातात घ्यायला गेले असते तर? त्या क्षणी ५०० शेअर विकायचे म्हणजे १२० शेअर ४०४.१० ला, ३०० शेअर ४०४ ला आणि ८० शेअर ४०३.५० ला. मिळाले असते २,०१,९७२. म्हणजे पडद्यावर १,६१७ चा नफा आणि खिशात ६,९११ चा तोटा, दोन्ही एकाच वेळी.

शेअर किती पातळ आहे, हे कळायला एक भागाकार पुरतो. विक्रेत्याचा सर्वांत खालचा भाव वजा खरेदीदाराचा सर्वांत वरचा: ४१३.८० − ४०४.१० = ९.७०. या दोहोंचा मध्य ४०८.९५. ९.७० ला त्याने भागले की २.३७ टक्के. हा स्प्रेड. आत शिरून लगेच बाहेर पडायचे झाले तर निदान एवढे जाणारच, आणि संख्या मोठी असेल तर त्याहून जास्त. आमच्या मते नवख्याने स्प्रेड एक टक्क्याच्या वर दिसला की मार्केट ऑर्डरच्या बटणाला हात लावू नये. हा बाजाराचा नियम नाही, आमचा आहे.

रांग रिकामी झाली की काय होते, याचे टोकाचे उदाहरण ६ मे २०१० चे. त्या दिवशी अमेरिकेतल्या अचानक घसरणीत अॅक्सेंचरचा चाळीस डॉलरच्या आसपासचा शेअर काही सौद्यांत एका सेंटला गेला. मार्केट ऑर्डर खाली उतरत गेल्या आणि तिथे नावापुरत्या लावून ठेवलेल्या एका सेंटच्या बोलीच तेवढ्या शिल्लक होत्या. असे सौदे नंतर रद्द झाले. आपल्या दीड टक्क्याच्या स्लिपेजसाठी कोणी सौदा रद्द करत नाही.

व्हॉल्यूम भरपूर दिसत होता, तरी?

ऑर्डर टाकताना मनात हिशेब होता: ‘अडतीस हजार शेअर फिरलेत, माझे पाचशे त्यात कुठे दिसणार?’ हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्या ३८,४०० पैकी ३१,००० शेअर बाजार उघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, ४०२ च्या आसपास फिरले होते. उरलेले ७,४०० नंतर हळूहळू. व्हॉल्यूम हा सकाळपासूनचा बेरजेचा आकडा आहे. आत्ता या मिनिटाला किती माल समोर आहे ते डेप्थ सांगते.

ही गोष्ट डेप्थ न उघडताही कळली असती. सरासरी सौदा भाव ४०३.१६ आणि शेवटचा भाव ४१२, यांत जवळजवळ नऊचे अंतर होते. सरासरी सौदा भाव म्हणजे दिवसाची एकूण उलाढाल भागिले एकूण शेअर. तो इतका खाली आहे म्हणजे दिवसाचा बराचसा माल ४०३ च्या आसपास गेला आणि वरच्या भावांना किरकोळ सौदे झाले. स्क्रीनवरचा हा आकडा सर्वांत दुर्लक्षित असतो, आणि आम्हाला विचाराल तर एलटीपीनंतर लगेच तोच बघावा.

डेप्थच्या तळाशी आणखी दोन आकडे होते: एकूण खरेदी ४६,२००, एकूण विक्री ११,९००. मागणी पुरवठ्याच्या जवळजवळ चौपट, असे यावरून वाटते. पण वरच्या पाच पातळ्यांवरच्या खरेदीची बेरीज करा: २,२४५. म्हणजे जवळपास ४४,००० शेअरचे खरेदीदार ४०० च्याही खाली कुठेतरी ‘पडला तर घेऊ’ म्हणून बसले आहेत. त्यांचा आजच्या भावाशी संबंध नाही, आणि ते कधीही ऑर्डर मागे घेऊ शकतात. उलट बाजूही आहे: काही बाजारांत ऑर्डरचा काही भागच दाखवायची सोय असते, त्यामुळे ६० दिसणाऱ्या विक्रेत्यामागे आणखी माल असू शकतो. यावेळी नव्हता.

‘वर्षाच्या उच्चांकापासून ३३ टक्के खाली’

हा शेअर निवडायचे मूळ कारण हे होते, आणि ऑर्डरपेक्षा मोठी चूक इथे आहे. ६१८ चा उच्चांक, आजचा भाव ४१२. फरक २०६, म्हणजे बरोबर ३३.३ टक्के स्वस्त. चार महिन्यांपूर्वी कंपनीने प्रत्येक दोन शेअरमागे एक बोनस शेअर दिला होता. दोनाचे तीन झाले की जुना भाव दोन तृतीयांशाने मोजायचा असतो. ६१८ × २ ÷ ३ = ४१२.

शेअर त्या जुन्या उच्चांकापासून तसूभरही खाली नव्हता. सकाळचा ४१५.५० हा तर वर्षाचा नवा उच्चांक होता. ज्याने जुना आकडा बोनसप्रमाणे दुरुस्त करायचा तो डेटा पुरवठादार मागे राहिला होता. नीचांक २८७.५० हा बोनसनंतरचा, म्हणून बरोबर होता. एकाच ओळीतला अर्धा आकडा जुन्या मापाचा, अर्धा नव्या.

एकदा हे सापडले की बाकीचेही उलगडते. ८२४ कोटी बाजारमूल्याला ४१२ ने भागा: २ कोटी शेअर. कंपनीच्या शेवटच्या जाहीर कागदपत्रांत बोनसनंतर ३ कोटी शेअर होते. म्हणजे खरे बाजारमूल्य १,२३६ कोटी. ईपीएस २९.०० हीदेखील जुन्या २ कोटी शेअरवर काढलेली. तोच नफा ३ कोटींत वाटला तर १९.३३, आणि पीई १४.२ नाही, २१.३. यात कंपनीने काही लपवले नव्हते. पीईचा वरचा आकडा आज ११:०२ चा, खालचा मागच्या चार तिमाहींचा आणि शेअरसंख्या बोनसच्या आधीची, असे तीन काळांतले आकडे एका भागाकारात बसले होते.

डिव्हिडंड यील्डचे प्रकरण थोडे अधिक गुंतागुंतीचे. १२ ÷ ४१२ = २.९१ टक्के. या १२ पैकी ५ हा एक मालमत्ता विकल्यावर दिलेला खास, एकदाचा डिव्हिडंड. नेहमीचा ७, तोही बोनसच्या आधीच्या शेअरवर. कंपनी एकूण तेवढीच रक्कम वाटेल असे धरले तर नव्या शेअरवर ४.६७ येतो. ४.६७ ÷ ४१२ = १.१३ टक्के. मुळात यील्ड मागच्या वर्षीच्या वाटपावरून काढलेले असते; पुढच्या वर्षी तेवढे मिळेलच असे कोणी लिहून दिलेले नसते.

अशी गडबड पकडायची सोपी खूण चार्टवर असते. एका दिवसात भाव एकदम तिसऱ्या हिश्शाने किंवा निम्म्याने खाली, पण बातमी नाही आणि व्हॉल्यूम नेहमीचाच, असे दिसले तर तो बहुधा बोनस किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणे) असतो आणि चार्ट दुरुस्त केलेला नसतो. चार्ट दुरुस्त आहे आणि वरचा तक्ता मात्र जुना, असेही होते. इथे नेमके तेच झाले होते. म्हणून वर्षाचा उच्चांक तक्त्यातून न घेता चार्टवर बोट ठेवून बघावा.

(नावांची गफलत इथे नव्हती, पण होते. मार्च २०२० मध्ये व्हिडिओ कॉलच्या झूम कंपनीचा शेअर समजून लोक झूम टेक्नॉलॉजीज या भलत्याच कंपनीचा शेअर घेत होते. शेवटी अमेरिकेच्या नियामकाने त्यातले व्यवहार काही काळ थांबवले. चिन्हाशेजारचे पूर्ण नाव वाचायला दोन सेकंद लागतात.)

स्टॉपलॉस का लागला

खरेदी झाल्यावर ४०५ चा स्टॉपलॉस लावला गेला, तोही मार्केट प्रकारचा. ४०५ हा आकडा आला कुठून? ४१२ पासून साधारण पावणेदोन टक्के खाली. पण लावतानाच सर्वांत वरचा खरेदीदार ४०४.१० ला होता. म्हणजे ज्याला कोणाला विकायचे असेल त्याचा पहिलाच सौदा हा स्टॉपलॉस उडवणार होता. कंपनीत काही बिघडण्याची गरजच नव्हती.

या ब्रोकरकडे ट्रिगर (ज्या भावाला स्टॉपलॉस सुटतो तो) एलटीपीवर चालत होता. ११.४६ ला कोणीतरी ४० शेअर ४०४.१० ला विकले. एलटीपी ४०४.१०, ट्रिगर लागला, ५०० शेअरची मार्केट विक्री सुटली: ८० शेअर ४०४.१० ला, ३०० शेअर ४०४.०० ला, ८५ शेअर ४०३.५० ला, ३५ शेअर ४०२.०० ला. हाती आले २,०१,८९५.५०. चाळीस शेअर विकणाऱ्या त्या माणसाला आपण काय घडवले, याचा पत्ताही नसेल.

पातळ शेअरमध्ये स्टॉपलॉस लावायचाच असेल तर तो स्प्रेडच्या बऱ्याच खाली हवा आणि लिमिट प्रकारचा हवा, म्हणजे ट्रिगर एक आणि विक्रीची किमान किंमत दुसरी. त्याचीही किंमत आहे: भाव खरोखरच कोसळला तर लिमिटच्या खाली विक्री होणार नाही आणि शेअर हातात अडकेल. दोन्ही धोके एकदम टळतील असा स्टॉपलॉस अजून निघालेला नाही.

दिवस संपला तेव्हा

शेवटचा सौदा ४०९.०० ला झाला, पण बंद भाव नोंदला गेला ४०६.३०. यावरूनही गोंधळ उडतो. काही बाजारांत बंद भाव म्हणजे अखेरच्या काही मिनिटांतल्या सौद्यांची सरासरी, काहींत शेवटच्या लिलावात ठरलेला भाव. शेवटच्या सौद्याशी तो जुळेलच असे नाही. दुसऱ्या दिवशीचे सगळे ‘टक्के’ या ४०६.३० पासून मोजले जाणार. दिवसाअखेर शेअर ३.१२ टक्के वर होता. शेअर दिवसभरात वर गेलेला दिसला आणि तरी तोटा झाला, कारण हे टक्के कालच्या ३९४ पासूनचे, खरेदीच्या भावापासूनचे नव्हेत.

११.२० ला मार्केटऐवजी ४१४.५० ची लिमिट ऑर्डर (त्याहून जास्त भावाला घेऊ नका, अशी) लावली असती तर १५० शेअर लगेच मिळाले असते, सरासरी ४१४.२२ ला, आणि उरलेले ३५० खरेदीदारांच्या रांगेत सर्वांत वर उभे राहिले असते. ही आमची दुसरी पसंती. पहिली पसंती ४०९ ची लिमिट: स्प्रेडच्या साधारण मध्यावर, आधीच्या सर्वांत वरच्या खरेदीदाराच्या पुढे. ११.४६ ला विकणाऱ्याने ते ४० शेअर बहुधा आपल्यालाच ४०९ ला दिले असते. संपूर्ण ५०० मिळाले असते का, हे सांगता येत नाही, कारण आपली ऑर्डर पडद्यावर दिसली की बाकीचेही आपले भाव हलवतात. दुपारनंतर या शेअरमध्ये जेमतेम २,४६० शेअरचे सौदे झाले. कदाचित दोनशे-तीनशे मिळून उरलेली ऑर्डर संध्याकाळी आपोआप रद्द झाली असती, आणि तोवर बोनसचा कागद वाचायला वेळही मिळाला असता.